उष्णतेची मोरी

घरात देवघराला मान असतो, दिवाणखान्याला थाट असतो. मोरीला मात्र कोणी विचारीत नाही. पण ती एक दिवस तुंबू द्या, म्हणजे सारे घर तिच्याभोवती गोळा होते! संगणकातल्या हीटसिंकचे असेच आहे. मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्दांची मला खोड. ‘उष्णताशोषक’ हा प्रतिशब्द काही मनाला पटत नाही. ही वस्तू उष्णता पिऊन बसत नाही, बाहेर वाहून देते. म्हणून मी तिला उष्णतेची मोरीच म्हणतो.

घाटाखाली मलकापुरात माझा एक जुना विद्यार्थी छायाचित्रकार आहे. लग्नाचे अल्बम आणि चित्रफिती यांवर त्याचा संसार चालतो. त्याच्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड २०१५ साली बाजारात आलेल्या जीफोर्स जीटीएक्स ९६० या जातीचे. ऐन लग्नसराईत त्याचा संगणक काम करता करता डोळे मिटू लागला. “फेका हो, नवे घ्या,” असा सल्ला मिळाला. सल्ला फुकट होता, कार्ड नव्हते!

वाचकहो, हे कार्ड भरात असले म्हणजे सुमारे १२० वॉट वीज खाते. जुन्या शंभर वॉटच्या दिव्याला चुकून बोट लागलेले ज्यांना आठवते त्यांनी कल्पना करावी, की त्याहून अधिक वीज खाणाऱ्या या कार्डाची बहुतेक उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या एका चकतीतून निघते. ती वेळीच बाहेर पडली नाही, तर चकती आधी आपला वेग उतरवते; तेवढ्याने भागले नाही, तर संगणकच बंद पडतो.

विद्यार्थ्याने कार्ड उघडले. पंखा जाम झालेला आणि चकतीवरची थर्मल पेस्ट डबीत वर्षभर पडलेल्या चुन्यासारखी वाळलेली. त्याच बनावटीच्या एका मेलेल्या कार्डाचा पंख्यासकट हीटसिंक त्याने मिळवला. बनावट तीच हवी, कारण स्क्रूच्या भोकांतले अंतर जुळले नाही तर सगळे मुसळ केरात.

उष्णता वाहून नेण्यात धातूंमध्ये पहिला मान चांदीचा. आमच्या जिल्ह्यातले खामगाव चांदीसाठी नावाजलेले. पण हीटसिंक काही तिथल्या पेढीवर घडवीत नाहीत! तांबे चांदीच्या किंचितच मागे आहे, आणि अॅल्युमिनियम निम्म्याहून थोडे पुढे. हवा मात्र तांब्याच्या हजारो पटींनी मठ्ठ. दोन धातू कितीही घासूनपुसून एकमेकांवर ठेवले, तरी मध्ये बारीक फटी राहतात आणि त्यांत ही मठ्ठ हवा ठाण मांडते. तिला हुसकावणे एवढेच पेस्टचे काम. पेस्ट स्वतः तांब्यापुढे कितीतरी उणी. म्हणून ती पानाला चुना लावतात तशी बेतानेच लावायची. जाड थापली तर तिचीच आडभिंत होते.

बाकी कृती धीराची. वीज तोडावी, संगणकाच्या लोखंडी अंगाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. जुना हीटसिंक चिकटला असेल तर उचकटू नये, हलकेच पिळून सोडवावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकती पुसावी. शेजारच्या स्मृतीच्या चकत्यांवर मऊ पट्ट्या असतात, त्या बदलल्या तर तेवढ्याच जाडीच्या घ्याव्यात. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावे. एकच बाजू आधी करकचून आवळली तर चकतीचा कोपरा उडतो.

एवढे झाल्यावर पंखा फिरला आणि संगणक बंद पडायचा थांबला. तरी एक मर्यादा राहतेच. हीटसिंक आणि पंखा मिळून कार्डाला भोवतालच्या हवेहून थंड करू शकत नाहीत. आमचे बुलढाणा घाटावर, म्हणून हवा जरा नरम. मलकापुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. तेथे संगणक भिंतीला चिकटवून ठेवणे म्हणजे मोरीच्या तोंडाला बोळा कोंबणे.

दिवाळीची झाडलोट चालू आहेच. माळ्यावरची जाळी काढता काढता संगणकाचेही झाकण उघडा. पंखा बोटाने धरून मऊ कुंचल्याने धूळ झाडा. आणि कोणी “फेका हो” म्हणाले, तर आधी त्याला विचारा, मोरी पाहिली का?