देवाशी हिशोब की देवावर विश्वास?

मैत्रिणींनो, एखाद्या घरावर संकट आलं की आपल्याकडे भेटायला येणाऱ्या बायका दोन गोष्टी बरोबर आणतात. एक म्हणजे चहा-साखरेची पुडी आणि दुसरा तो ठरलेला प्रश्न, "काय गं, देवाचं काही राहिलं होतं का?" मांढरदेवीला जाऊन किती वर्षं झाली, जेजुरीचा नवस फेडला का, घरात कुणाचं काही चुकलं का... जिच्यावर आभाळ कोसळलंय, तीच बिचारी मग आठवत बसते की आपलं नेमकं काय चुकलं!

भोर-वेल्ह्याकडे ख्रिस्ती घरं थोडी. पण त्या घरातल्या बाईचे हाल मला दुप्पट वाटतात. तिला शेजारच्या बायका म्हणतात, "आपला देव सोडला, मग दुसरं काय होणार?" आणि तिच्याच लोकांतलं कुणी म्हणतं, "प्रार्थना कमी पडली असेल, विश्वास डळमळला असेल." म्हणजे दोन्हीकडून ती गुन्हेगार. मी देवळात जाणारी बाई आहे, चर्चमध्ये जाणारी नाही. तरीही मला हे बोलावंसं वाटतं, कारण हा प्रश्न एका धर्माचा नाहीच. संकट आलं म्हणजे श्रद्धा खोटी होती आणि भरभराट झाली म्हणजे श्रद्धा खरी होती, हा हिशोबच मुळात चुकीचा आहे.

हे मी मनाने सांगत नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात हा हिशोब मोडून दाखवणारी एक बाई होऊन गेली. पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव आपण वाचलेलं असतं, पण 'स्त्रीशिक्षणासाठी कार्य केले' या एका ओळीच्या पुढे आपण जात नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब गावोगाव पुराण सांगत, तीर्थयात्रा करत हिंडायचं. जवळचा पैसा दानधर्मात गेला. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकायला आणि दक्षिणा द्यायला कुणी उरलं नाही. उपास झाले, व्रतं झाली, तीर्थातली स्नानं झाली. शेवटी जंगलातला पाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात, स्मशान तीन मैलांवर. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी म्हणून खांद्याला खांदा लागेना, तर त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. वय विशीच्या आतलं!

जरा विचार करा. देवधर्मात या कुटुंबाचं काय कमी पडलं होतं? जेवढं शास्त्रात सांगितलं तेवढं सगळं केलं होतं. तरी घर रिकामं झालं. भाऊ-बहीण दोघंच मग पायी उत्तरेकडे गेली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसेना म्हणून वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून झोपली. १८७८ला कलकत्त्याला पोचल्यावर तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. पण १८८०मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं आणि १८८२च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने तेही गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा. तेवीस वर्षांची विधवा.

पुढे रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, मग इंग्लंडला गेल्या. तिथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात मोठं वादळ उठलं. त्या धर्मांतराबद्दल ज्याचं त्याचं मत असू शकतं, मला त्या वादात शिरायचं नाही. मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट.

आपल्याला वाटतं, धर्म बदलला म्हणजे मनातले प्रश्न संपले. रमाबाईंचे संपले नाहीत. ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, ज्यांना त्या आईच्या जागी मानत, त्यांच्याशीच पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन मिळून एक देव, हे तेव्हा त्यांना पटत नव्हतं आणि तसं त्यांनी लिहून कळवलं. चर्चचे मोठे लोक सांगतात म्हणून डोळे मिटून मान्य करायला त्यांनी नकार दिला. मांस खा म्हटलं, खाल्लं नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपल्या भाषेतली का नकोत, असाही वाद झाला. परक्या देशात, दुसऱ्यांच्या घरी राहून आणि लहान मूल पदरात असताना हे बोलायला केवढं धैर्य लागत असेल! आणि बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण प्रत्यक्ष ख्रिस्त सापडायचा राहिला होता. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

म्हणून मी म्हणते, श्रद्धा टिकवायची म्हणजे प्रश्न गिळायचे, असं नाही. ज्याच्यावर विश्वास असतो त्यालाच तर माणूस जाब विचारतो. परक्याशी कोण भांडतं?

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं, विधवा आणि निराधार मुलींसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. इथे धर्माची सक्ती नाही असं ठरलेलं होतं, पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. १८९३मध्ये त्यावरून गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांच्या बोलीवरची, ती मुदतही संपत आलेली. एवढी अनिश्चितता डोक्यावर असताना कुणीही हात आखडता घेतला असता. पण १८९६-९७चा दुष्काळ पडला आणि रमाबाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी बायका-मुली घेऊन आल्या. आपण ज्या उपासमारीतून गेलो, तिच्यातून दुसरीला काढायचं, बस! पुण्यात प्लेगची बंधनं होती, म्हणून त्यांना केडगावला नेलं. पुणे-दौंड लोहमार्गावरचं हे स्टेशन, चौफुल्याच्या अगदी जवळ. तिथल्या माळरानावर विहिरी खणल्या, झोपड्या उभ्या केल्या, आणि ते मुक्ती सदन झालं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजाराच्या वर गेली. माग, तेलाचा घाणा, दूधदुभतं, शेती, छापखाना अशी कामं बायकाच करत. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं. ते काम केडगावला आजही चालू आहे.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत बायबल हवं, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. वय झालं, कानांनी ऐकू येईना. अशात २४ जुलै १९२१ला मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. एकुलती एक लेक, जिच्या हाती सगळं सोपवायचं ठरवलं होतं ती.

मैत्रिणींनो, हिशोबाची श्रद्धा असती तर इथे संपली असती. 'तुझ्यासाठी घरदार सोडलं, समाजाच्या शिव्या खाल्ल्या, हजारो लेकी सांभाळल्या आणि तू माझी एकच लेक नेलीस?' असं म्हणून त्यांनी काम टाकलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. रमाबाईंनी भाषांतराचं काम मात्र शेवटपर्यंत नेलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते बायबल १९२४मध्ये बाहेर आलं, मुक्तीच्याच छापखान्यातून, मुक्तीतल्याच बायकांच्या हातून.

कुणी म्हणेल, रमाबाई पंडिता होत्या, आपण साध्या बायका. मग लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. फारशी शाळा न शिकलेली, सोवळंओवळं पाळणारी संसारी बाई. नवऱ्याने, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पदरात लहानगा दत्तू. नवरा असून नसल्यासारखा आणि लोकांच्या नजरा झेलायच्या. अशी काही वर्षं वेगळी काढून त्या परत नांदायला आल्या, पण नवऱ्याचा देव लगेच आपला म्हणून टाकला नाही. त्याच घरात आपलं सोवळं सांभाळून राहिल्या. जात देवाने केली की माणसाने, याचा विचार राहुरीला स्वतःच केला आणि पटल्यावर शिवाशीव सोडली. बाप्तिस्मा घेतला तो १९००मध्ये. नवऱ्याने सांगितलं म्हणून नाही, तर स्वतःला वाटलं म्हणून. १९१९मध्ये टिळक गेले. मग वसतिगृहात मेट्रनची नोकरी केली, नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे लिहिलं आणि 'स्मृतिचित्रे' लिहून मराठीला केवढी हसरी, खरी आत्मकथा दिली! अधांतरी राहण्याची ती मधली वर्षं म्हणजे श्रद्धा नसण्याची वर्षं होती का? मला तरी तसं वाटत नाही. मातीत बी असतं तेव्हा वरून काहीच दिसत नाही, हे भातलावणी करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

आमच्या बचत गटात एक ख्रिस्ती ताई आहेत. नवरा अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला, दोन मुलं शाळेत, शिवणकामावर घर चालतं. एकदा त्या मला म्हणाल्या, "वहिनी, मी देवावर रोज रागावते. पण बोलणं बंद केलेलं नाही." मला तर ही प्रार्थनाच वाटते. पण हे वाक्य त्या भेटायला येणाऱ्यांसमोर बोलू शकत नाहीत. तिथे 'सगळं छान आहे, देवाची कृपा' असंच म्हणावं लागतं. दुःखाच्या वरती हे आणखी ओझं कशाला?

ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथातच ईयोबाची गोष्ट आहे. चांगला, देवभीरू माणूस. मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. पुढे मात्र त्यांनी तोंड उघडलं आणि 'तुझंच काही पाप असेल' म्हणून त्याला टोचत राहिले. ईयोब देवाशी भांडला, ओरडला. आणि शेवटी देव रागावला तो कुणावर? शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर! त्या मित्रांनी केलेली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ते गप्प बसलेले सात दिवस.

आपल्याला यातून घेण्यासारखं खूप आहे. संकटातल्या बाईकडे जाल तेव्हा तिच्या देवाची परीक्षा घेऊ नका. जवळ बसा. तिची मुलं दोन दिवस आपल्याकडे जेवू द्या. लावणीच्या दिवसांत तिच्या खाचरात दोन हात जास्त लावा. विधवा असेल, निराधार असेल, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला तिच्याबरोबर तहसील कचेरीत जा. उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला गोळा करताना एकटीची किती दमछाक होते हे आपण जाणतो. आजारपण असेल तर डॉक्टरकडे न्या. प्रार्थना आणि औषध यांचं वैर नाही. मुक्ती सदनातही प्रार्थनेबरोबर विहीर खणावीच लागली होती.

आणि जी स्वतः अशा दिवसांतून जात असेल, मग ती चर्चमध्ये जाणारी असो, देवळात की दर्ग्यात, तिला एवढंच सांगते. बाई गं, रडू आलं, राग आला, प्रश्न पडले म्हणून तुझी श्रद्धा खोटी ठरत नाही. रमाबाईंना पडले, लक्ष्मीबाईंना पडले. आज देवाशी बोलावंसं वाटत नसेल तर नको बोलूस. चूल पेटव, पोरांना जेवू घाल, शेजारणीची हाक आली तर ओ दे. बाकीचं बोलणं उद्या होईल.