तळ्याकाठच्या राहुट्या

पाऊस उघडला, मावळातील भाताची कापणी सुरू झाली, की शनिवारी दुपारपासून पुण्यामुंबईची वाहने कामशेतच्या व लोणावळ्याच्या बाजूने पवना धरणाकडे लागतात. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना ह्या किल्ल्यांच्या सान्निध्यात पसरलेल्या त्या जलाशयाच्या काठी नायलॉनच्या रंगीत राहुट्यांच्या ओळी उभ्या असतात. शेकोटीपाशी रात्र जागवावी, सकाळी पाण्यावरचे धुके पाहावे आणि रविवारी परतावे, असा परिपाठ आता चांगलाच रूढ झाला आहे. आमचा त्यास विरोध नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. सहा दिवस भाड्याच्या खोलीत कंठणाऱ्या माणसाला एक रात्र उघड्या आभाळाखाली निजावेसे वाटले, तर त्यात गैर ते काय? सरसकट बंदीचा पुकारा करणाऱ्यांत आम्ही सामील होणार नाही. परंतु ज्या पाण्याच्या काठी हा मुक्काम पडतो ते पाणी कोणाचे आणि कशासाठी साठविलेले, ह्याचा विचार राहुटी भाड्याने देणारा करीत नाही, घेणारा करीत नाही, आणि ज्यांनी तो करावयाचा ते सरकारही अपघात घडेपर्यंत करीत नाही.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर मुलांचा पहिला तळ भरविला, तेव्हा तंबू हे शिक्षणाचे साधन होते. मेखा ठोकणे, तणावे ओढणे, पावसाच्या पाण्यासाठी भोवती चर खणणे, चूल पाणी ओतून विझविणे आणि निघताना जागा होती तशी करून ठेवणे, हे बालवीराला स्वतःच्या हातांनी करावे लागे. आज राहुटी उभारलेली असते, गादी घातलेली असते, कोंबडी भाजलेली असते. पाहुण्याने करावयाचे उरते ते एवढेच की पैसे द्यावे आणि कर्ण्यांच्या आवाजात ओरडून बोलावे. ह्यास वनविहार म्हणणे म्हणजे लग्नाच्या मांडवाला आश्रम म्हणण्यापैकी आहे.

पण ही अभिरुचीची गोष्ट झाली. तीवरून भांडण मांडण्यासाठी आम्ही ही जागा अडविली नसती. खरा प्रश्न पाण्याचा आहे. पवना धरणातून सोडलेले पाणी नदीपात्राने खाली येते आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून, शुद्ध करून, पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत जाते. ते शहर आपली तहान मुख्यत्वे ह्याच पाण्यावर भागविते. अशा जलाशयाच्या अगदी कडेला शेकडो माणसे रात्र काढतात, तेव्हा त्यांचा मैला कोठे जातो, हा प्रश्न विचारणे असभ्यपणाचे खासच नव्हे. जलरेषेपासून चार पावलांवर खणलेला शोषखड्डा म्हणजे पाण्यातच उघडलेले गटार होय. कारण धरणाची पातळी वर्षभर चढत उतरत असते, आणि उन्हाळ्यात ज्या गाळपेरावर राहुटी ठोकली जाते तीच जमीन श्रावणात पाण्याखाली जाते. जो तरुण शनिवारी त्या काठावर बाटल्या फोडतो, तोच सोमवारी चिंचवडच्या आपल्या घरी नळाला गढूळ पाणी आले म्हणून महापालिकेला शिव्या घालतो!

ह्या पाण्याला दुसरीही एक बाजू आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी हे धरण उभे राहिले ते मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडवून, आणि पर्यायी जमिनीसाठी त्या कुटुंबांना दशकानुदशके झगडावे लागले. पुढे पाणी बंद नळातून शहराकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरपाशी जमले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. त्याच खोऱ्यातील एखाद्या कुटुंबातील मुलाने उरल्यासुरल्या जमिनीवर चार राहुट्या मांडल्या आणि दोन पैसे मिळविले, तर त्याच्यावर प्रथम दंडुका उगारण्याचा अधिकार शहराला नाही. मात्र तळ्याकाठी ज्यांचा धंदा चालतो त्यांपैकी धरणग्रस्त किती, आणि बाहेरून येऊन जागा भाडेपट्ट्याने घेणारे किती, हे एकदा नीट मोजले गेले पाहिजे. जलसंपदा खात्याने संपादिलेल्या जमिनीवर कोण बसला आहे, हेही त्यातच उघड होईल.

बुडून मरण्याच्या बातम्या आम्हांस वारंवार छापाव्या लागतात. जलाशयाचा काठ नदीच्या घाटासारखा पायरीपायरीने उतरत नाही. पाण्याखाली जुनी शेते, बांध, विहिरी आहेत. गुडघाभर पाण्यातील माणूस पुढल्याच पावलाला गळ्याइतक्या पाण्यात व चिखलात जातो, आणि पोहता येणाऱ्यालाही गाळ सोडीत नाही. त्यात मद्य असले म्हणजे सांगावयास नकोच. थंडीसाठी बंद राहुटीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन निजणे हेही असेच प्राणघातक आहे, कारण कोंडलेल्या धुरातील विषारी वायूला ना वास ना रंग. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि मग जिल्हा प्रशासनाचे मनाईहुकूम निघाले. मनाईहुकूम काढणे सोपे. काठावर दोर, तरंगकडे आणि पोहणारा माणूस ठेवणे कठीण!

पवनेहून उत्तरेला, अकोले तालुक्यात, हेच संकट अधिक नाजूक ठिकाणी पोहोचले आहे. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाभोवतीचे बरेचसे रान १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडते. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत तेथील हिरडा, बेहडा, सादडा ह्या झाडांवर काजवे फुलतात. तो प्रकाश शोभेसाठी नसतो. नर उडत लुकलुकतो, मादी गवतात वा झुडपात बसून उत्तर देते, आणि थोड्या आठवड्यांच्या त्या आयुष्यात वंश पुढे चालावयाचा तो ह्याच संवादातून. मोटारींचे दिवे आणि हातातील विजेऱ्या तो संवाद बुडवितात; गवतातील माद्या पायांखाली चिरडतात. जे पाहावयास आलो तेच मारून परत जायचे, असा हा उत्सव आहे.

कायदे नाहीत असे नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील प्रवेशाला परवानगी लागते आणि आग लावण्यास मनाई आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे वाजविता येत नाहीत. साहसी पर्यटनाचे धोरण राज्याने २०२१ साली जाहीर केले. उणीव आहे ती काठावर उभे राहून हे पाळून घेणाऱ्याची. आमच्या मते हे काम गावाकडेच द्यावे. परवाना ग्रामसभेने द्यावा, आणि धरणग्रस्ताला तो प्रथम मिळावा. पूर्ण संचयाच्या रेषेपासून किती अंतरावर राहुटी असावी ते जलसंपदा खात्याने दगड रोवून दाखवावे, मैला टाक्यांत साठवून वाहून न्यावा, आणि त्याचा खर्च राहुटीच्या भाड्यावर बसवावा. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही त्यात आपला वाटा उचलावा. अखेर पाणी तिचेच नागरिक पितात. भंडारदऱ्याला मात्र वनखात्याने काजव्यांच्या दिवसांत अंधार पडण्यापूर्वीच वाहने गावाबाहेर थांबवावीत आणि पुढची वाट रतनवाडी, घाटघरच्या आदिवासी तरुणांबरोबर पायी, तांबडा कागद लावलेल्या एकाच विजेरीने चालावयास लावावी. त्यांना त्याचा मेहनताना पाहुण्याकडून रोख मिळावा.