मताला तिकीट कशाला?

मतदाराने आपले मत सरकारपर्यंत पोचवायला खिशातून पैसे द्यायचे, हे मला मान्य नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टपालाने मत देणाऱ्याला परतीच्या पाकिटाचे टपाल राज्य भरून देत नाही, आणि "अहो, ७८ सेंटचा तर प्रश्न आहे" असे म्हणून विषय झटकणारे आपलेच मराठी लोक मला पदोपदी भेटतात. अटलांटाच्या उत्तरेला जॉन्स क्रीक, अल्फारेटा भागात त्यांची ऐसपैस घरे आहेत, दारात दोन गाड्या आहेत. ७८ सेंट त्यांना जाणवतही नाहीत. पण ज्याला जाणवतात त्याच्या वतीने निकाल द्यायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

ते तिकीट मिळवायला काय पडते, तेही पाहा. मतपत्रिका घरी येते. ती भरून आतल्या पाकिटात, ते बाहेरच्या पाकिटात, त्यावर सही, जन्मतारीख, ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर. एवढे सगळे केल्यावर उरतो कोपऱ्यातला रिकामा चौकोन. आज पंचविशीतल्या किती मुलांच्या घरात टपालाचे तिकीट असते? बिले फोनवरून भरतात, पत्र कोणी लिहीत नाही. किराणा दुकानाच्या काउंटरवर सुटे तिकीट सहसा मिळत नाही, वीस तिकिटांची पुस्तिका घ्यावी लागते. २०२५च्या जुलैपासूनच्या दराने १५ डॉलर ६० सेंट. सुटे हवे असेल तर पोस्ट गाठा, तेही कामाच्या वेळेत. जॉर्जियात बहुतेक कामगारांना लागू असलेले किमान वेतन तासाला ७ डॉलर २५ सेंट, आणि २००९पासून ते जागचे हललेले नाही. म्हणजे एका मतासाठी दोन तासांहून जास्त मजुरी गेली. "७८ सेंट" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला नसतो.

आणि रक्कम लहान आहे हा युक्तिवाद अमेरिकेत तरी कोणी करू नये. दक्षिणेतल्या राज्यांनी पोल टॅक्स, म्हणजे मतदानासाठीचा कर, लावून कृष्णवर्णीयांना आणि गरीब गोऱ्यांना पिढ्यानपिढ्या मतदानापासून दूर ठेवले. १९६४च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने केंद्रीय निवडणुकांतून तो कर गेला. नुसता पोल टॅक्स नव्हे, "पोल टॅक्स किंवा दुसरा कोणताही कर" असे तिथे लिहिले आहे. तरीही व्हर्जिनियाने राज्याच्या निवडणुकांसाठी तो चालूच ठेवला. किती होता? वर्षाला दीड डॉलर. ॲनी हार्पर आणि एव्हलिन बट्स या कृष्णवर्णीय स्त्रिया त्या दीड डॉलरसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडल्या आणि १९६६ साली जिंकल्या. मतदाराची ऐपत किंवा एखादे शुल्क ही मत देण्याची कसोटी होऊच शकत नाही, भेदभाव कमी की जास्त याने फरक पडत नाही, असा तो निकाल आहे.

जॉर्जियातल्या टपाल तिकिटांविरुद्ध २०२०मध्ये दावा लागला. २०२१मध्ये अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. न्यायालयाचे म्हणणे असे: तिकीट हा कर नव्हे, ती टपालसेवेची किंमत आहे. पैसे द्यायचे नसतील तर केंद्रावर जाऊन फुकट मत द्या. कायद्याच्या चौकटीत हे बसत असेल. न्यायाच्या चौकटीत बसत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, रात्रपाळी करून आलेल्या नर्सला, गाडी नसलेल्या म्हातारीला "केंद्रावर या" म्हणणे म्हणजे त्यांना वाटेला लावणे. घराजवळच्या मतपेटीत पाकीट टाकून तिकीट वाचवावे म्हणाल, तर त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने त्या पेट्या मुदतपूर्व मतदानाच्या केंद्रांत नेल्या आणि केंद्राच्या वेळेतच खुल्या ठेवल्या. एक दार बंद करायचे आणि दुसऱ्या दारावर पैसे मागायचे, ही कसली लोकशाही?

मला सर्वांत जास्त संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. अमेरिकन टपाल खाते तिकीट नसलेली मतपत्रिका अडवत नाही. ती पोचवायची आणि टपालाचे पैसे निवडणूक कार्यालयाकडून वसूल करायचा प्रयत्न करायचा, हे त्यांचे जाहीर धोरण आहे. म्हणजे ज्याला हे ठाऊक आहे त्याचे मत बिनपैशात पोचते. जो प्रामाणिकपणे सूचना वाचतो त्याला तिकीट शोधत हिंडावे लागते, नाहीतर पाकीट टेबलावरच राहते. कायदा पाळणाऱ्याला शिक्षा देणारी ही व्यवस्था आहे, आणि ती सुधारायला पाकिटावर एक ओळ छापली की पुरते.

खर्चाचा बाऊ करू नका. परतीच्या टपालाची जी व्यापारी सोय आहे तिच्यात परत आलेल्या पाकिटांपुरतेच पैसे पडतात. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या बँकांना ती परवडते. वॉशिंग्टन राज्याने २०१८मध्ये, कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये, ओरेगॉनने २०२०मध्ये मतदाराच्या टपालाचा भार उचलला. सैनिकांची आणि परदेशी राहणाऱ्या अमेरिकन नागरिकांची मतपत्रिका तर केंद्रीय कायद्यानेच बिनतिकिटाची जाते. पॅरिसमध्ये बसलेल्या अमेरिकनाला जी सवलत आहे ती जॉर्जियातल्याच मेकन शहरातल्या सफाई कामगाराला नाही!

भारताकडे बोट दाखवून आपली पाठ थोपटणाऱ्यांनाही सांगतो. २०२४च्या लोकसभेला ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांच्या घरी निवडणूक कर्मचारी गेले, ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. पण परदेशातल्या भारतीय नागरिकाला २०१०च्या दुरुस्तीने मताचा हक्क दिला तो स्वतः केंद्रावर हजर राहण्याच्या अटीवर. त्याच निवडणुकीत असे सुमारे १ लाख १९ हजार मतदार नोंदलेले होते. मत दिले २,९५८ जणांनी. विमानाचे तिकीट ज्याला परवडले त्याचे मत मोजले गेले. अटलांटातला एच-वनबी व्हिसावरचा सोलापूरचा मुलगा या यादीत कुठे बसतो, ते दिल्लीत बसलेल्यांनी सांगावे.

जॉर्जियातल्या मराठी मतदारांना माझी विनंती आहे. तुमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाला जे राज्य प्रतिनिधी हात जोडून येतात, फोटो काढून जातात, त्यांना थेट विचारा की परतीच्या पाकिटाचे टपाल राज्याने भरावे यासाठी तुम्ही विधेयक मांडणार की नाही. उत्तर लेखी मागा. आणि शेजारी, ऑफिसात, देवळात ज्याला ठाऊक नसेल त्याला सांगून ठेवा: घरात तिकीट नसले तरी मतपत्रिका फेकू नका, वेळेत टपालात टाका. टपाल खाते ती पोचवते.