गुरुजी, नवा पॅड कधी येणार?

बालमित्रांनो,

नागपुरात राहून धुमाल ऐकला नाही असा एकही वाचक नसेल. गणपतीचं विसर्जन असो, देवीची मिरवणूक असो, १४ एप्रिल असो, नाहीतर शेजारच्या ताईचं लग्न असो. गाडीवर मोठमोठे स्पीकर, एक जण कॅसिओवर आणि एक जण दोन काड्यांनी रबराच्या चौकोनांवर वाजवतोय. यंत्र एकच, पण त्यातून ढोल निघतो, ताशा निघतो, मधेच टाळ आणि शिट्टीसुद्धा! त्याला सगळे 'पॅड' किंवा 'ऑक्टापॅड' म्हणतात.

त्याच पॅडबद्दल सहावीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. तो लिहितो :

'गुरुजी, माझा दादा धुमालमध्ये पॅड वाजवते. पॅड जुना झाला. मधला चौकोन कधी वाजते, कधी नाही. दादाचे मित्र म्हणतात, थांब ना बावा, नवा मॉडेल येऊन राहिला. आई म्हणते, सीझन तोंडावर आहे, थांबून कसं होईल? आणि त्या पॅडमध्ये आमच्या आबाजीच्या ढोलकीचे आवाज भरून आहेत. आबाजी पहिले खडी गंमतमध्ये वाजवत. आता त्यांचे हात दुखतात. आम्ही काय करावं?'

छान पत्र आहे. यात एक नाही, तीन प्रश्न आहेत. एकेक सोडवू.

पहिला प्रश्न : नवा कधी येणार?

आधी थोडा इतिहास. रोलँड ही जपानी कंपनी इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये ओसाका इथे सुरू केली. तिचा पहिला ऑक्टापॅड १९८५ चा. 'ऑक्टा' म्हणजे आठ. आपला 'अष्ट' शब्द त्याच्याच नात्यातला. त्याला आठ चौकोन होते, पण गंमत म्हणजे स्वतःचा आवाज एकही नव्हता! दुसरं वाद्य तारेने जोडायचं, तेव्हा कुठे आवाज. १९९८ मध्ये एसपीडी-२० आला. त्याच्या पोटात शेकडो आवाज होते. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी आणि मिरवणुकांनी त्याला डोक्यावर घेतलं. २०१० मध्ये एसपीडी-३० निघाला, तरी पुष्कळ वादकांनी जुना वीसच धरून ठेवला. शेवटी कंपनीनेच '२०' हे नाव कायम ठेवून २०-एक्स आणि २०-प्रो काढले. पाहा, नवा आला म्हणजे लगेच जुन्याची गादी मिळते असं नाही. वाजवणाऱ्यांनी होकार द्यावा लागतो.

या पॅडची एक चुलत शाखा आहे, सॅम्पलर पॅडची. त्यात आपण बाहेरचा आवाज भरू शकतो. आबाजींची ढोलकी शिरली ती अशाच पॅडमध्ये. या शाखेत २००३ मध्ये एसपीडी-एस, २०११ मध्ये एसपीडी-एसएक्स आणि २०२२ मध्ये एसएक्स-प्रो आला.

आता पाटी-पेन्सिल घ्या. २००३ ते २०११ किती? ८ वर्षं. २०११ ते २०२२? ११ वर्षं. मग पुढचा कधी? कोणी म्हणेल ८ वर्षांनी, २०३०. कोणी म्हणेल ११ वर्षांनी, २०३३. एखादा हुशार म्हणेल, अंतर दर वेळी ३ ने वाढतं, म्हणून १४ वर्षांनी, २०३६! गणित तिघांचंही बरोबर. पण दोन अंतरांवरून नियम तयार होत नाही. एसएक्सच्या ११ वर्षांत 'आता येतो, आता येतो' म्हणून जे थांबले, त्यांचे किती सण हातचे गेले असतील!

म्हणून अशी बातमी कानावर आली की तीन गोष्टी विचारायच्या. सांगणारा कोण, कंपनी की मित्राचा मित्र? आपण थांबलो तर फायदा कोणाचा? आणि बातमी खोटी निघाली तर नुकसान कोणाचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'आपलं' असेल, तर थांबू नये. तुझ्या आईचं बरोबर आहे. मधल्या चौकोनाखालचा सेन्सर जाणत्या कारागिराकडून बदलून मिळतो का, ते आधी विचारा. दुरुस्त पॅडवर सीझन कमवा. नव्याचं मग पाहू.

दुसरा प्रश्न : आबाजींचे आवाज कसे वाचवायचे?

आवाज यंत्रात राहतो तरी कसा? सॅम्पलर आवाजाचे फार बारीक तुकडे करतो. सीडीच्या मापाने एका सेकंदाचे ४४,१०० तुकडे! प्रत्येक तुकड्याची उंची मोजून आकडा लिहून ठेवतो. काडी पडली की तेच आकडे भराभर वाचतो, आणि ढोलकी वाजते. एका आकड्याला २ बाइट जागा लागते. म्हणजे एका सेकंदाला ८८,२०० बाइट. एसएक्सची जागा २ जीबी, त्यात सुमारे सहा तासांचा आवाज मावतो. एसएक्स-प्रोची ३२ जीबी, म्हणजे १६ पट.

आता लक्षात घ्या, आवाज म्हणजे शेवटी आकडे. आकड्यांची नक्कल करता येते आणि नक्कल मुळाइतकीच खरी असते. एसएक्ससारख्या पॅडला पेन ड्राइव्ह लावायची सोय आहे. म्हणून पॅड दुरुस्तीला देण्याआधी आवाज उतरवून घ्या. एक प्रत घरी, एक मामाकडे. नवा पॅड बाजारात येईल तेव्हा येईल. आबाजींचे आवाज मात्र कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत.

तिसरा प्रश्न तू विचारला नाहीस, पण पत्रात आहे. आबाजींच्या हाताचा वारस कोण?

ढोलकीवर थाप देऊन लगेच हाताने चामडं दाबलं की आवाज कसा वाकतो, ऐकलंय? पॅडमध्ये ते वाकणं एकदाच भरलेलं असतं. शंभरदा वाजवलं तरी तेच, तेवढंच. आबाजी नाच्याचं पाऊल पाहून प्रत्येक वेळी वेगळं वाकवत असतील. कधी, किती आणि का, हे आकड्यांत उतरत नाही. हात दुखत असले तरी ते तोंडाने बोल सांगतील, चुकलं तर टोकतील. दादाला आणि तुला रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसता येईल ना? यासाठी मात्र थांबू नका.

करून पाहा

घरातल्या मोठ्यांना विचारून त्यांचा फोन घ्या. एकच वस्तू, समजा स्टीलचा डबा, हळू, मध्यम आणि जोरात वाजवून तीन आवाज टिपा. मग ऐका. जोरातला आवाज म्हणजे फक्त हळूचा मोठा केलेला आहे, की वेगळाच आहे? प्रत्येक आवाजाला नाव द्या : काय वाजलं, कोणी वाजवलं, कोणत्या तारखेला. नाव नसलेला आवाज दहा वर्षांनी नुसता 'डबा ३' होऊन बसतो. तुमचं निरीक्षण पोस्टकार्डावर लिहून पाठवा.

तुमचे,
गुरुजी