काम चालू, दवाखानाही चालू

शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय जेव्हा ‘पुढे न्या’ म्हणते, तेव्हा हे पुढे म्हणजे बहुतेकदा ठाण्याचे सिव्हिल, कळवा, नाहीतर उल्हासनगर. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसईच्या माणसाला आधी तालुका गाठायचा आणि तिथून पुन्हा काही तासांचा रस्ता धरायचा. म्हणून ठाण्यात दवाखान्याची एक इमारत पाडली की हिशेब आपल्या गावापर्यंत येतो.

२०२३ मध्ये तो आला. ठाण्याचे विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजेच आपले सिव्हिल, पाडून तिथे ९०० खाटांचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय उभारायचे ठरले आणि सिव्हिलचा कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलला. निर्णयात गैर काही नव्हते. जुनी इमारत कधीतरी जाणारच होती आणि जिल्ह्याला मोठे रुग्णालय हवेच आहे. पण बांधकाम वर्षानुवर्षे चालते, आजारपण तेवढे थांबत नाही. गर्दी कळव्याकडे वळली. महापालिकेचे ते छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ५०० खाटांचे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथे २४ तासांत १८ रुग्ण दगावले आणि राज्यभर खळबळ उडाली. अनेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत आले होते, असे प्रशासनाने सांगितले. चौकशी समितीही नेमली गेली. सिव्हिल हलवल्यानेच हे मृत्यू झाले, असा आरोप आम्ही करत नाही. आमचा प्रश्न साधा आहे: पहिला हातोडा पडण्याआधी इथल्या खाटा कुठे जाणार, आणि जिथे जाणार तिथे डॉक्टर, परिचारिका, रक्त, ऑक्सिजन किती वाढवले, याचा तक्ता कोणी मांडला होता का? मांडला असेल तर तो शहापूर-मुरबाडच्या डॉक्टरांच्या टेबलावर होता का? कारण चिठ्ठी तेच लिहितात.

सगळे काही हलवता येत नाही. बरीच कामे रुग्ण आत असतानाच करावी लागतात, आणि ती घराच्या रंगकामासारखी करून चालत नाहीत. भिंत फोडली की धुळीबरोबर बुरशीचे बीजाणू उडतात. धडधाकट माणूस शिंकून मोकळा होतो, पण केमोथेरपी चालू असलेल्याला किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला त्यातून फुप्फुसाचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. म्हणून कामाची जागा छतापर्यंत बंदिस्त करावी लागते आणि आतली हवा वॉर्डात न जाता थेट बाहेर ओढून घ्यावी लागते. दोरीवर टांगलेला हिरवा कपडा म्हणजे आडोसा नव्हे. राडारोडा आणि स्ट्रेचर एकाच लिफ्टने जाता कामा नये.

ऑक्सिजनच्या नळीची गोष्ट वेगळीच. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, दाब उतरला आणि किमान २२ रुग्ण गेले. तिथे बांधकाम चालू नव्हते, पण दाब थोडा वेळ जरी गेला तरी काय होते ते सगळ्यांनी पाहिले. म्हणून कोणता व्हॉल्व्ह कोणत्या वॉर्डाचा, हे ठेकेदाराच्या माणसाला कामाआधी माहीत हवे आणि व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वी वॉर्डातल्या सिस्टरचा होकार हवा.

वायरिंग, फॅब्रिकेशन, प्लंबिंग करणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. दवाखान्यात वेल्डिंगचे काम मिळाले तर आधी लेखी परवानगी मागा, शेजारी आग विझवायचे नळकांडे आणि एक माणूस उभा ठेवा, आणि सुटकेच्या जिन्यात सामान टाकू नका. ‘एवढंसंच तर काम आहे’ म्हणणाऱ्या मुकादमाला नाही म्हणायला धाडस लागते, हे मान्य. पण विझलेली वाटणारी ठिणगी नंतरही पेट घेऊ शकते, म्हणून काम संपल्यावरही तासभर तिथे नजर ठेवावी लागते.

खरी अडचण मात्र कागदावर आहे. सरकारी इमारतीचे काम सहसा सार्वजनिक बांधकाम विभाग करून घेतो, वॉर्ड वैद्यकीय अधीक्षक चालवतात. ठेकेदार बिलासाठी पहिल्याकडे बघतो आणि धूळ दुसऱ्याच्या वाट्याला येते. दोघांनी रोज सकाळी दहा मिनिटे एकत्र बसावे, आज कुठे तोडफोड, कुठली लाइट जाणार, कुठला रस्ता बंद, एवढे ठरवावे. याला वेगळा निधी लागत नाही.

शहापूर, मुरबाडमध्ये पुढे कोणतेही काम निघाले तर तरुणांनी उद्घाटनाच्या फोटोसाठी न थांबता रुग्ण कल्याण समितीकडे टप्प्यांचा आराखडा मागावा. नाही मिळाला तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. प्रसूती कक्ष कुठे हलला, सर्पदंशाचा रुग्ण रात्री कोणत्या दाराने न्यायचा, हे मराठीत मोठ्या अक्षरांत फाटकावर लागायला हवे. तीच माहिती जुम्म्यानंतर मशिदीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर पोहोचवणे आपल्या हातात आहे. फलकावर तारीख मात्र असू द्या. गेल्या महिन्याचा बाण बघून बंद दाराशी पोहोचलेली गाडी वळवताना जी मिनिटे जातात, ती आत झोपवलेल्या माणसाची असतात.