टीव्हीच्या रिकाम्या लहरी शेतापर्यंत इंटरनेट आणतील का?

ठिबकचे ऑटोमेशन, ओलावा मोजणारे सेन्सर, शेतातले हवामान केंद्र यांच्या जाहिराती तुम्ही पाहत असालच. या सर्वांची एक अट मात्र बारीक अक्षरात असते: शेतात नेटवर्क हवे. गावात चार दांड्या दाखवणारा मोबाईल विहिरीवर गेला की मुका होतो. यावरचा एक उपाय आपल्या डोक्यावरच रिकामा पडून आहे.

रिकाम्या लहरी म्हणजे काय?

४७० ते ५९० मेगाहर्ट्झ हा पट्टा मुख्यतः टीव्ही प्रक्षेपणासाठी ठेवलेला आहे. त्यात ८ मेगाहर्ट्झचे १५ चॅनेल बसतात. यातले किमान १२ चॅनेल देशात जवळपास सर्वत्र मोकळे आहेत, असे आयआयटी मुंबईच्या संशोधकांना २०१४ च्या सुमारास आढळले. त्यानंतर दूरदर्शनचे बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपकही बंद झाले. आज टीव्ही डिश आणि केबलवर चालतो.

शेतीला यांचाच उपयोग का?

वायफायच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, तर या लहरींची सुमारे ६० सेंटिमीटर. पाण्याने भरलेली पाने आखूड लहरी जास्त शोषतात. त्यामुळे वाढलेल्या उसात किंवा दाट बागेत वायफाय लवकर दम तोडते. लांब लहरी झाडोऱ्यातून पुढे जातात आणि कमी खर्चात काही किलोमीटर पोचतात. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या ‘फार्मबीट्स’ प्रकल्पाने घरातले इंटरनेट याच लहरींवरून शेतातल्या सेन्सरपर्यंत नेले. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात खामलोली परिसरातील पाड्यांवर आयआयटी मुंबईने असाच प्रयोग केला.

मग अडले कुठे?

तंत्रापेक्षा परवानगीत. हा प्रकार आंतरपिकासारखा आहे. मुख्य पिकाला धक्का न लावता मधल्या ओळीत दुसरे पीक घ्यायचे. उपकरण आधी नोंदवहीला विचारते, ‘या जागी कोणता चॅनेल मोकळा?’ आणि तेवढाच वापरते. अमेरिकेने २००८ मध्येच विनापरवाना वापराला वाट दिली. आपल्याकडे वापर प्रायोगिक परवान्यांपुरता राहिला. दूरसंचार कायदा, २०२३ मध्ये एकाला दिलेला स्पेक्ट्रम, त्याला अडथळा न करता, दुसऱ्यालाही देण्याची तरतूद आहे. पण शेतकऱ्याला, गटाला किंवा ग्रामपंचायतीला तो स्वस्तात मिळणार की लिलावातून कंपन्यांकडेच जाणार, हा खरा प्रश्न आहे. लिलावात कंपन्या ग्राहकसंख्या पाहतात. शिवारात माणसे कमी आणि क्षेत्र जास्त.

शिवाय लहरी स्वतः इंटरनेट तयार करत नाहीत. गावापर्यंत आलेली भारतनेटची फायबर चालू असेल, तरच ती पुढे शिवारात नेता येईल.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

- उपकरण घेण्याआधी जिथे ते बसणार तिथेच मोबाईलची रेंज तपासा. पीक पूर्ण वाढीत असताना पुन्हा पाहा.
- रेंज नसेल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालणारे लोरा सेन्सर विचारा. थोडी माहिती लांबवर पाठवायला ते पुरेसे असतात.
- नेटवर्क गेले तरी व्हॉल्व्ह ठरल्या वेळी बंद होतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.
- शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेत आणि ग्रामसभेत फायबरची स्थिती विचारा, शिवारातील नेटवर्कची मागणी ठरावात नोंदवा.

रिकामे रान पडीक ठेवणे आपल्याला पटत नाही. रिकाम्या लहरींबाबतही आपण तसेच बोलायला हवे.