मोजणीत आपला रकाना कुठे आहे?

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा राज्याराज्यांची रोजची पत्रके वेगवेगळ्या नमुन्यांत निघत. ‘कोविड१९इंडिया’च्या स्वयंसेवकांनी ती वाचून, ताडून जिल्हावार आकडे सर्वांना खुले केले. ३१ ऑक्टोबर २०२१ला त्यांनी काम थांबवले. बिनपगारी, नेटाने केलेल्या या कामाचे मोल मोठे आहे.

पण मैत्रिणींनो, पत्रकात जे नाही ते खुल्या नोंदीतही येत नाही. सुरुवातीच्या रुग्णवार यादीत वय, लिंग हे रकाने होते. अनेक ओळींत ते कोरेच राहिले.

नोंद नसली की काय होते? टाळेबंदीत भुकेने, पायपिटीने, उपचारांवाचून गेलेल्यांची यादी काही नागरिकांनी बातम्यांवरून जमवली. सप्टेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने मात्र लोकसभेत सांगितले, की स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची माहिती ठेवलेली नाही. सबब भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणजे मोजायचे नाही आणि मोजले नाही म्हणून द्यायचेही नाही! वस्तीत काम करताना मी हेच पाहते: जिचे नाव कागदावर नाही, तिला रेशन नाही, पेन्शन नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. साथीचे आकडे स्त्री-पुरुषवार व खुले देणे सरकारवर बंधनकारक हवे. मात्र नावे-पत्ते गुप्तच राहावेत. बदनामीची झळ बाईलाच आधी लागते. आणि दारोदार फिरून माहिती आणणाऱ्या आशाताईंच्या श्रमाला योग्य दाम हवा.

पुढच्या साथीची वाट न पाहता आपल्या गटांनी ही मागणी आताच लावून धरायला हवी.